सतरा अक्षरं : एका थडग्यावरच्या रिकाम्या जागेचं प्रकरण

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, उद्घाटनाच्या कोनशिला आणि थडग्यांवरचे दगड, या सगळ्यांचा मजकूर माझ्याच संगणकावरून जातो. त्यातला दगडाचा मजकूर मी सगळ्यांत जास्त वेळा तपासतो. पत्रिकेतली चूक लग्नाचा मांडव उतरला की संपते, ग्रॅनाइटमधली नातवंडांपर्यंत पोचते. हे प्रकरण माझ्या एका चुकीवरच संपतं, पण ते शेवटी.

मागणी

२०२३च्या मार्चमध्ये एक निवृत्त इंजिनिअर दुकानात आले. घराणं नागपुरातलं, तीन-चार पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती. त्यांच्या काकांचा दगड उत्तर नागपुरातल्या जुन्या दफनभूमीत आहे. अक्षरं झडली आहेत, तेव्हा तो काढून तिथे काळा ग्रॅनाइट बसवायचा, अशी मागणी. मजकूर त्यांनी टाइप करूनच आणला होता: वर नाव, खाली ‘वय १९ वर्षे’, आणि त्याखाली ‘दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुणे येथे मृत्यू’.

सवयीने विचारलं, जुन्या दगडावर हेच आहे का?

“हेच असणार. मधली अक्षरं उडाली आहेत, पण भाऊ, दुसरं काय असणार?”

‘असणार’ या शब्दावर मी दगड कोरायला देत नाही. पूर्वी एकदा दिला होता. एका आजींच्या पाटीवर ‘कै.’ आणि ‘सौ.’ यांची अदलाबदल झाली आणि तयार दगड माझ्या पदरात पडला. आजही तो दुकानामागे पालथा आहे, पोरं त्यावर बसून चहा पितात. म्हणून म्हटलं, आधी दगड बघतो.

दगड

दगड कामठी-सिलेवाडा बाजूचा वालुकाश्म. तांबूस, हाताला साखरेसारखा कणीदार. नागपुरातल्या जुन्या बांधकामात हा दगड भरपूर सापडतो. कोरायला नरम म्हणून पाथरवटाला आवडतो, पण थरांचा असल्यामुळे पाणी मुरलं की पोपडे धरतो. (या भागातल्या खडकांचा पहिला नीट अभ्यास करणाऱ्यांत मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे. ते स्वतः १८६३च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून गेले. त्या दफनभूमीत उभं असताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.)

या दगडाचं नुकसान पावसापेक्षा मायेने जास्त केलं. दर ईस्टरला घरचे लोक येऊन थडगं धुवायचे आणि दगडाला पांढरा ऑइलपेंट लावायचे. वीस-पंचवीस वर्षांचे रंगाचे थर. त्यात कुणीतरी पायथ्याला सिमेंटचा गिलावा करून ठेवलेला. जमिनीतली ओल दगडात वर चढते, तिला बाहेर पडायला जागाच उरली नाही. ती रंगामागे साचत गेली, क्षार फुलले आणि एका पावसाळ्यात मधला पोपडा रंगासकट गळून पडला. माझ्याबरोबर आलेल्या पाथरवटाने टाकीचं मागचं टोक दगडावर हलकेच आपटून पाहिलं. काही ठिकाणी खणखणीत आवाज, काही ठिकाणी बद्द. “इथे आतून सुटला आहे,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षी हा तुकडा पण जाणार.”

झिजलेली अक्षरं भर दुपारी वाचायला जाऊ नये. ऊन समोरून पडतं आणि खाचेतली सावली मरते. संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपं झालं तेव्हा पहिल्या दोन ओळी आपोआप उठून आल्या. बाकीचं अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, कडेने उजेड टाकून वाचलं. चौकीदार गेट लावायला आला होता, तो वैतागला. “काय करून राहिले बाप्पा तुम्ही एवढ्या राती?”

वाचलं ते असं. नाव. ‘वय १९ वर्षे’. मग ‘१२ जुलै १९६१ रोजी पुणे येथील’. त्याखालच्या ओळीच्या सुरुवातीला पोपडा गेलेला, आणि पुढे शाबूत ‘रात प्रभूमध्ये निजला’. अगदी तळाशी, बारीक: ‘स्तो. ६९:१’.

गळालेल्या जागेत काय होतं? अंदाज बांधण्याऐवजी मी शेजारच्या ओळीतल्या अक्षरांची रुंदी कागदाच्या पट्टीवर घेतली आणि पट्टी रिकाम्या जागेवर धरली. तीन अक्षरांची जागा, ओढूनताणून साडेतीन. ‘पानशेत धरण फुटून आलेल्या पु’ एवढं तिथे कोणत्याही हिशोबाने मावत नाही, ती चौदा अक्षरं होतात. तीन अक्षरं आणि पुढे ‘रात’: म, हा, पु. ‘पुणे येथील महापुरात प्रभूमध्ये निजला.’

दुसरी गोष्ट लक्षात आली ती नसलेल्या शब्दामुळे. आसपासच्या बहुतेक दगडांवर ‘येथे’ आहे. येथे अमुक निजला आहे, येथे तमुक विश्रांती घेत आहे. या दगडावर तो शब्द नाही. मी इंजिनिअर भाऊंना फोन करून जरा बिचकतच विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. खाली कोणी नाही. काका सापडलेच नाहीत. आजोबा पुण्याला जाऊन आठ दिवस शोधत होते, शेवटी त्यांची पत्र्याची पेटी तेवढी घेऊन आले.”

पुण्यात काय झालं होतं

पानशेत म्हटल्यावर पुण्याकडच्या जुन्या माणसाला काही सांगावं लागत नाही. नागपुरात सांगावं लागतं.

मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण होत आलं होतं, पुरं झालं नव्हतं. तरी १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं गेलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या आणि तिच्या दरवाजांचं काम अपुरं होतं. मोरीतून सुसाट जाणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी ती मोडली, तिच्यावरचा भराव खचू लागला आणि त्या जागी धरणाचा माथा खाली खाली बसत गेला. ११ जुलैच्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून तो माथा धरून ठेवला. १२ तारखेला, बुधवारी सकाळी, पानशेत फुटलं.

खाली खडकवासला होतं, १८७९च्या सुमाराचं, दगडी बांधणीचं, पुण्याला पाणी पाजणारं. वरचं सगळं पाणी त्यात आलं, भिंतीवरून वाहू लागलं आणि दुपारच्या सुमारास ती भिंतही फुटली. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा, नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसत गेले. बळींचा आकडा साधारण हजार धरतात. जवानांनी ती रात्र ढकलली नसती तर हेच पाणी झोपलेल्या गावावर आलं असतं.

मुलगा कॉलेजात शिकत होता, खोली नदीकडच्या एका पेठेत. आजोबा पोचले तेव्हा रस्त्यावर चिखल होता आणि प्यायला पाणी नव्हतं, कारण शहराला पाणी देणारं खडकवासला रिकामं झालेलं. लोक वाड्यांतल्या जुन्या विहिरी उपसून पीत होते. आजोबांनी घरी येऊन पुण्याबद्दल एवढीच एक गोष्ट सांगितली म्हणे: “ज्या गावाला पाण्याने बुडवलं तिथे मी घोटभर पाण्यासाठी रांगेत उभा होतो.”

शब्दांचा वाद

दगडावर मुळात काय होतं हे ठरलं, तेव्हा मला वाटलं काम सोपं झालं. जुनाच मजकूर नव्याने कोरायचा. इंजिनिअर भाऊ मात्र ऐकेनात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पूर आला नव्हता, धरण फुटलं होतं. ‘महापुरात निजला’ म्हणजे पाऊस पडला, नदी भरली, देवाची मर्जी. त्यांनी मला व्हॉट्सअपवर इंग्लंड-अमेरिकेची उदाहरणं पाठवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या वर डेल डाइक नावाचं मातीचं धरण पहिल्यांदाच भरत असताना ११ मार्च १८६४च्या रात्री फुटलं, दोनशे चाळीस माणसं तरी गेली. तिथे आज जुन्या बांधाच्या मध्यरेषेवर दगड रोवलेले आहेत, त्यांवर फक्त चार अक्षरं, ‘सीएलओबी’, म्हणजे ‘जुन्या बांधाची मध्यरेषा’. “चार अक्षरांत सांगितलं आहे बघा, इथे बांध होता म्हणून,” ते म्हणाले.

अमेरिकेतलं जॉन्सटाउन त्याहून कडू. तिथलं साउथ फोर्कचं धरण श्रीमंतांच्या एका मासेमारी-शिकार क्लबच्या मालकीचं. पाणी सोडायचे नळ आधीच काढून टाकलेले, गाड्या जाव्यात म्हणून माथा उतरवलेला, मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या. ३१ मे १८८९ला ते फुटलं, २,२०९ माणसं मेली. टेकडीवरच्या स्मशानात ७७७ पांढरे दगड ओळीने उभे आहेत, एकावरही नाव नाही, कारण खालची माणसं कोण हे कुणालाच ओळखता आलं नाही. खटले झाले, पण क्लबकडून कोणाला भरपाई मिळाली नाही. हा ईश्वरी कोप, असंच धरलं गेलं.

“आणि आमच्या दगडावर आम्हीच ते लिहून ठेवलं आहे,” इंजिनिअर भाऊ म्हणाले.

खरं सांगतो, मला ते पटलं. आपल्या भाषेत मरणाच्या शब्दांत देव फार आहे. देवाज्ञा झाली, देवाघरी गेला, प्रभूमध्ये निजला. कोरणारा आणि कोरून घेणारा दोघेही न बोलता तो शब्द वापरतात आणि कारण मागे पडतं. पानशेतच्या चौकशीला न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग होता, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईकांचा. हा दगड १९६१च्याच नाताळाआधी बसला, म्हणजे चौकशी चालू असताना. आजोबा सरकारी नोकरीत. मी मनाशी गोष्ट जुळवली: नोकरदार माणूस, चौकशी सुरू आहे, कशाला दगडावर धरणाचं नाव? म्हणून देवाच्या नावावर टाकलं. छान गोष्ट होती. दोन-चार जणांना मी ती रंगवून सांगितलीही.

मग आत्या आल्या. म्हणजे इंजिनिअर भाऊंच्या आत्या, गेलेल्या मुलाची धाकटी बहीण. निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, त्या वेळी चौदा वर्षांच्या. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. त्यांना नवा दगड नकोच होता. भाच्याचा मजकूर त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि बाजूला ठेवला.

“मृत्यू काय लिहून राहिला? मृत्यू सगळ्यांनाच येतो. बाबांनी लिहिलं ते राहू दे.”

मी माझी गोष्ट जरा सभ्य करून त्यांच्यापुढे मांडली. त्या हसल्या.

“नोकरीची भीती? बाबांना? अरे, अक्षराला चार आणे होते. बाबा घरी येऊन म्हणाले, पुण्याचा महापूर म्हटलं की कोणालाही समजतेच. उगाच पैसे कशाला?”

नये पैसे येऊन चार वर्षं झाली होती, पण लोक अजून आण्यांत बोलत. पाथरवट अक्षरं मोजून पैसे घेई. आकडे आणि टिंबं फुकट की अर्ध्या दरात, हे ज्याच्या त्याच्या ठरावावर. तळातलं ‘स्तो. ६९:१’ तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजळलं. बायबलातलं एकोणसत्तरावं स्तोत्र म्हणजे बुडणाऱ्या माणसाची हाक आहे. पाणी गळ्याशी आलं आहे, पाय टेकत नाहीत, देवा मला वाचव, असा त्याचा आशय. पूर्ण वचन कोरायला किती आणे पडले असते! बापाने एका जोडाक्षरात आणि तीन आकड्यांत भागवलं. ज्याला माहीत आहे तो घरी जाऊन उघडून वाचेल. मी ज्या दगडाला गुमान देवाच्या मर्जीपुढे मान तुकवणारा समजत होतो, त्याच्या पायथ्याशी ही तक्रार साठ वर्षं पडलेली होती.

पण मजकुराचा प्रश्न सुटला नाही. ‘समजतेच’ हे १९६१चं. आज नागपुरात ‘महापूर’ म्हटलं तर माणूस मोवाड म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात, नरखेड तालुक्यात, ३० जुलै १९९१ला वर्धा नदीने ते गाव धुऊन नेलं आणि २०४ माणसं गेली. मी हे बोललो तेव्हा बाई गप्प झाल्या. भाचा ‘धरण’ सोडायला तयार नाही, आत्या ‘निजला’ सोडायला तयार नाहीत. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, फाइल माझ्या संगणकात तशीच.

ओली पेटी

२२ सप्टेंबर २०२३च्या मध्यरात्रीनंतर नागपुरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून उतू गेला आणि नाग नदी आपलं पात्र सोडून अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पार सीताबर्डीपर्यंत घरांत शिरली. तलावाचा बांध फुटला नाही. १८७०च्या सुमाराचा तो बांध टिकला. पण सांडव्यासमोरच्या बांधकामाचा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तो इथे नको.

बाईंचं घर त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. पहाटे भाच्याने त्यांना खांद्याला धरून बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर गाद्या, फ्रिज, सगळं रस्त्यावर. पलंगाखाली होती ती पत्र्याची पेटी, पुण्याहून आलेली. तिच्यात बाईंनी बाबांचं बायबल ठेवलेलं. आठवड्याने मला फोन आला. “पानं वेगळी करता येतात का बघ. तुम्ही कागदवाले.”

मी सांगितलं, उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. पंख्याखाली उभं करा, दर दहा-बारा पानांमागे साधा छपाईचा कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. चार दिवस हा उद्योग चालला. तिसऱ्या दिवशी स्तोत्रसंहितेच्या पानांतून एक घडी केलेला चौकोनी कागद निघाला.

तो दगडाचा कच्चा मजकूर होता. फाउंटन पेनाने लिहिलेला, आणि शाई धुऊन गेली होती. फिकट निळा ढग, त्यात कुठे कुठे काना, कुठे वेलांटी. पण त्या ढगावर एक आडवी रेघ लख्ख दिसत होती, शिसपेन्सिलीची. शिसं पाण्याने जात नाही. कागदाच्या कडेला तशाच पेन्सिलीने दोन आकडे: ‘१७’ आणि त्याखाली ‘४।’. म्हणजे लिहिलेलं पुरात गेलं होतं आणि खोडलेल्याची खूण तेवढी राहिली होती.

‘४।’ बाईंनीच वाचून दाखवलं. सव्वाचार. सतरा अक्षरं, प्रत्येकी चार आणे, अडुसष्ट आणे, म्हणजे चार रुपये चार आणे. आजोबांनी सतरा अक्षरं खोडून सव्वाचार रुपये वाचवले होते.

कोणती सतरा? मी कागद दुकानातल्या काचेच्या टेबलावर ठेवला, खोली अंधारली आणि दफनभूमीतला तोच प्रयोग केला: टॉर्च कडेला, उजेड सपाट. जुन्या निबाने कागदात खाच पडते. शाई गेली तरी ती खाच पूर्ण जात नाही. पेन्सिलीच्या रेघेखाली सुरुवातीला ‘पा’ चा काना आणि ‘शे’ ची मात्रा मिळाली. शेवटी ‘फुटून’ चे दोन उकार, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, एकमेकांना पाठ लावून बसलेले. इंजिनिअर भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते. “झालं तर मग! पानशेत धरण फुटून.”

बाईंनी बोटांवर मोजलं. “दहाच होतात.”

सात अक्षरं कमी पडत होती. आणि मधली मोकळी जागाही दहाला फार मोठी होती. पुन्हा टॉर्च. मध्ये एक ‘ख’ होता, त्याबद्दल मला शंका नव्हती, जुन्या वळणाचा, ‘र’ आणि ‘व’ सुटे काढलेला. ‘धर’ च्या पुढे मात्रा होती, जी ‘धरण’ मध्ये असायला नको. ती दिसली आणि तिघांनाही एकदमच उमगलं.

पानशेत व खडकवासला धरणे फुटून.

पा न शे त, व, ख ड क वा स ला, ध र णे, फु टू न. सतरा.

आपण सगळे पानशेतचा पूर म्हणतो. इंजिनिअर भाऊही आयुष्यभर तेच म्हणत आले. पण आजोबा त्या चिखलात आठ दिवस फिरले होते आणि शहरात शिरलेलं पाणी दोन भिंती ओलांडून आलं हे तिथे ज्याला त्याला माहीत होतं. त्यांनी दोन्हींची नावं लिहिली, ‘धरण’चं अनेकवचन केलं, मग अक्षरं मोजली आणि रेघ मारली. सरकारची भीती आणि देवाची मर्जी घालून मी रचलेली गोष्ट त्या १७ आकड्यापुढे फुकट गेली. तिचा फडशा पडल्याचं मला दुःख नाही.

निर्णय

यानंतर वाद राहिला तो तपशिलाचा. इंजिनिअर भाऊंना आता पूर्ण कच्चा मजकूर ग्रॅनाइटवर हवा होता आणि जुना दगड काढायचा होता. वर ‘निष्काळजीपणामुळे’ हाही शब्द त्यांनी सुचवून पाहिला. बाई म्हणाल्या, “माझ्या भावाच्या दगडावर भांडण नको.” माझ्या धंद्याचा विचार केला तर पूर्ण ग्रॅनाइट मला सोयीचा होता. पण मी जुना दगड ठेवा म्हटलं. ‘महापुरात’ हा त्यांच्या वडिलांनी पैसे मोजून, विचार करून कोरून घेतलेला शब्द होता. ‘धरणे फुटून’ हेही त्यांचंच, फक्त परवडलं नव्हतं. दोन्ही ठेवता येतात.

ठरलं ते असं. दगडाला यापुढे रंग लावायचा नाही. असलेला रंग तारेच्या ब्रशने किंवा अ‍ॅसिडने काढायचा नाही, सुटेल तेवढा मऊ ब्रश आणि पाण्याने. पायथ्याचं सिमेंट फोडून तिथे चुना-वाळू. गळालेला ‘महापु’ पुन्हा भरायचा नाही. आणि दगडाच्या पुढे, जमिनीलगत, ग्रॅनाइटची एक अरुंद आडवी पट्टी, तिच्यावर खोडलेली सतरा अक्षरं आणि बाकी काही नाही. नाव नाही, तारीख नाही. ती वरच्या दगडावर आहेतच.

“लोकांना काय समजणार?” इंजिनिअर भाऊंनी विचारलं.

“वाचतील वर-खाली,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “आता अक्षराला काय भाव आहे?”

आता अक्षराला भाव नसतो, ग्रॅनाइट चौरस फुटावर जातो, असं मी सांगितलं. सतरा कोरा की सत्तर, पट्टीचे पैसे तेवढेच. त्यांनी मान हलवली, बोलल्या नाहीत.

आता काम माझं. रबरी स्टिकरवर अक्षरं कापायची, दगडावर चिकटवायची आणि वाळूच्या फवाऱ्याने उघडा भाग खोदायचा. यात देवनागरीचा त्रास असा की ‘व’ किंवा ‘ध’ च्या पोटातला रबराचा ठिपका कापताना सुटून जातो आणि फवारा मारला की अक्षराचं पोटच नाहीसं होतं. म्हणून तेवढ्यासाठी मी फॉन्टची पोटं थोडी मोठी करून घेतली, ओळीची लांबी पट्टीत बसवली, प्रूफ काढलं आणि बाईंच्या घरी गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ अजून होती, कमरेएवढी. नवा रंग द्यायचा बाकी होता.

बाईंनी प्रूफ टेबलावर पसरलं, चष्मा वर केला आणि उजव्या हाताच्या बोटांनी एकेक अक्षर दाबत शेवटपर्यंत गेल्या. मग परत सुरुवातीला आल्या आणि पुन्हा मोजलं.

“अठरा होतात,” त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. रोजच्या हाताने मी ‘व’ च्या जागी ‘आणि’ टाइप केलं होतं.